काळ्या-पांढऱ्यात उतरणारी हिरवी झाक

घरच्या प्रिंटरवर कृष्णधवल फोटो छापायला घेतला, की पहिला प्रिंट सहसा कृष्णधवल निघत नाही. आजोबांचा कोट हिरवट दिसतो, आजीच्या फिकट नऊवारीवर गुलाबट छटा चढते, आणि तोच कागद रात्री ट्यूबखाली धरला तर रंग पुन्हा तिसराच. मुंबईच्या ट्रॉम्बेत असे फोटो जपून ठेवलेली घरे भरपूर आहेत. ऑगस्ट १९५६ मध्ये इथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, जानेवारी १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. शेजारच्या माहूलच्या रिफायनऱ्या त्याच्या एक-दोन वर्षे आधीच्या. त्या काळात नोकरीला लागलेल्या पिढीची लग्ने, मुंजी, क्वार्टरसमोरचे ग्रुप फोटो, कोळीवाड्यातल्या होड्या आणि नारळी पौर्णिमा, सारे चांदीच्या कागदावर काळ्या-पांढऱ्यात उतरलेले आहे. नातवंडे आता ते स्कॅन करतात आणि टाकीवाल्या प्रिंटरवर मोठे करून छापतात. झाकेशी गाठ तिथेच पडते.

यावर मिळणारा सल्ला बहुधा एकाच धाटणीचा असतो: हेड क्लीनिंग करा, शाई बदला, नाहीतर प्रिंटरच बदला. या वाटेने शाई आणि कागद दोन्ही वाया जातात. मूळ कारण कित्येकदा प्रिंटरच्या बाहेर असते. हा फोटो कोणत्या उजेडात पाहायचा आहे, हे आधी ठरवल्याशिवाय झाकेचा शोध सुरू करण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते पुढे येईल. आधी करडा रंग प्रिंटरला इतका जड का जातो ते पाहू.

इंकजेट प्रिंटरकडे करडी शाई नसली तर तो करडा रंग सायन, मॅजेंटा आणि पिवळा यांच्या बारीक ठिपक्यांतून जुळवतो आणि त्यात थोडी काळी शाई मिसळतो. तिन्ही शाया अचूक प्रमाणात पडल्या तरच रंग एकमेकांना मारतात आणि करडा उरतो. रंगीत फोटोत साडीचा लाल किंचित इकडेतिकडे झाला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. करड्याच्या बाबतीत मात्र डोळा फार कडक परीक्षक आहे. मॅजेंटा जराशी कमी पडली की हिरवट, सायन कमी पडली की तांबूस, पिवळी कमी पडली की निळसर, असा फरक त्याला चटकन कळतो.

घरात ‘ग्रेस्केल’ची खूण केली म्हणजे फक्त काळी शाई वापरली जाईल, असे अनेकजण धरून चालतात. बहुतेक फोटो प्रिंटर त्या खुणेनंतरही फोटो कागदावर रंगीत शायांचीच मदत घेतात, कारण एकट्या काळ्या शाईचे ठिपके फिकट भागांत रवाळ दिसतात. चार शायांच्या ऑफिस प्रिंटरची तऱ्हा आणखी वेगळी. कॅननच्या जी मालिकेतल्या चार टाक्यांच्या अनेक मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची आणि बाकीच्या तीन डायच्या असतात. पिगमेंट काळी चकचकीत कागदावर नीट बसत नाही, म्हणून ग्लॉसी कागद निवडला की प्रिंटर ती बाजूला ठेवतो आणि काळा रंगही तीन रंगीत शायांतूनच बनवतो. काळी टाकी भरलेली असते, फोटो मात्र तिच्याशिवाय छापला जातो. अशा प्रिंटरवर ग्लॉसी कागदाचा हट्ट सोडून मॅट कागद आणि त्याला साजेसे सेटिंग वापरून पाहावे. खोल काळा थोडा कमी मिळेल, पण झाक बरीच आवरू शकते.

प्रिंटर बनवणाऱ्यांनाही हे कोडे सहज सुटले नाही. सन २००० मध्ये एप्सनने ‘स्टायलस फोटो २०००पी’ हा पिगमेंट शाईचा प्रिंटर आणला. प्रिंट दीर्घकाळ टिकतील हे त्याचे मोठे आकर्षण होते. पण पिवळ्या दिव्याखाली छान करडा दिसणारा प्रिंट खिडकीशी नेला की हिरवा पडे, आणि कृष्णधवलवाल्यांत हा प्रिंटर त्यासाठीच लक्षात राहिला. एचपीने २००३ मध्ये ‘फोटोस्मार्ट ७९६०’साठी खास करड्या शायांचे कार्ट्रिज दिले. २००५ मध्ये एप्सनची ‘अल्ट्राक्रोम के३’ शाई आली: एक पूर्ण काळी आणि तिच्या दोन फिकट पायऱ्या. तिच्यासोबत ड्रायव्हरमध्ये कृष्णधवलसाठी स्वतंत्र मोडही आला. तत्त्व साधे होते. करड्याचा मुख्य भार करड्याच शायांनी उचलायचा आणि रंगीत शाया छटा सावरण्यापुरत्या, नावाला वापरायच्या. अमेरिकेत जॉन कोन यांनी ‘पिएझोग्राफी’ या नावाने रंगीत शाया पूर्णपणे काढून त्यांच्या जागी करड्याच्याच अनेक पायऱ्या भरण्याची पद्धत रुजवली, आणि रॉय हॅरिंग्टन यांच्या ‘क्वाडटोन रिप’ या प्रोग्रॅममुळे कोणती शाई किती पडावी यावर हौशी माणसाला थेट ताबा मिळाला.

आपल्याकडे घराघरांत पोचले ते टाकीवाले प्रिंटर. एप्सनचे एल८०५, एल८०५० यांत सहा शाया आहेत, पण त्यांतल्या जादाच्या दोन म्हणजे फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा. करडी शाई नाही. कॅननच्या जी५७० मध्ये लाल आणि करडी अशा दोन शाया आहेत. मुख्यतः कृष्णधवलच छापायचे असेल तर खरेदीपूर्वी प्रिंटरमध्ये किती शाया आहेत यापेक्षा त्यांत करडी आहे का, हे पाहावे.

आता उजेडाकडे. वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो, आणि तीन शायांच्या मिश्रणातून आलेला करडा या बाबतीत फार हळवा असतो. एका दिव्याखाली तिन्ही शायांचा तोल बरोबर साधतो, दुसऱ्याखाली ढळतो, कारण दोन दिव्यांच्या प्रकाशात वेगवेगळ्या तरंगलांबींचे प्रमाण वेगळे असते. तंत्रज्ञ याला मेटामेरिझम म्हणतात. प्रिंटरची बहुतेक प्रोफाइले, म्हणजे ठरावीक शाई-कागदावर रंग कसे छापायचे ते सांगणाऱ्या फाइली, पाच हजार केल्विनचा प्रमाणित उजेड गृहीत धरून बनवलेली असतात. आपल्या घरांत जास्त करून लागतात ते साडेसहा हजार केल्विनचे ‘कूल डेलाइट’ एलईडी, त्यांचा प्रकाश निळ्या भागात एकदम उसळलेला. कुठे जुनी ट्यूब, देव्हाऱ्यापाशी पिवळा दिवा आणि दिवसा खाडीकडच्या खिडकीतून येणारे ऊन. एकाच घरात प्रिंटला हे चार उजेड भेटतात.

म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. प्रिंट भर दुपारी खिडकीपाशी, थेट उन्हात न धरता पाहावा. मग ज्या दिव्याखाली तो लागणार त्याखाली. मग तिसऱ्या एखाद्या. झाक प्रत्येक ठिकाणी बदलत असेल तर दोष शायांच्या मिश्रणाचा आणि दिव्याचा आहे, हेड क्लीनिंगने तो जाणार नाही. अशा वेळी ज्या भिंतीवर फोटो लागणार तिथला उजेड प्रमाण मानून दुरुस्ती करावी आणि बाकीच्या उजेडांवर पाणी सोडावे. झाक सगळीकडे तीच राहत असेल, तर मात्र पुढचा तपास प्रिंटरच्या दिशेने करावा.

डोळ्याच्या सवयीचाही हिशेब धरावा लागतो. एकट्याच पडलेल्या प्रिंटची झाक थोड्या वेळाने डोळा विसरतो. शेजारी १८ टक्क्यांचे ग्रे कार्ड ठेवले की ती पुन्हा उघडी पडते. गुलाबी किंवा पोपटी भिंतीचा परावर्तित रंग कागदावर चढतो. फ्रेमवाला जो क्रीम रंगाचा माउंट घालतो, त्याच्या शेजारी अगदी तटस्थ करडाही निळसर भासतो. मोबाइलने प्रिंटचा फोटो काढून कुणाला ‘हिरवा दिसतोय का?’ असे विचारणे तर निरुपयोगीच, कारण मोबाइल व्हाइट बॅलन्स आपल्या मनाने बदलतो.

यानंतर करड्या पट्टीचा प्रिंट काढावा. शून्य ते शंभर, पाच-पाच टक्क्यांनी चढणाऱ्या २१ पायऱ्या. प्रत्येक पायरीत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे समान. ही पट्टी खिडकीशी धरून सावकाश वाचावी. सगळ्या पायऱ्यांवर एकाच रंगाची, एकाच वजनाची झाक असेल तर संशय सेटिंगवर जातो. मधल्याच पायऱ्या हिरवट आणि दोन्ही टोके ठीक असतील तर प्रोफाइल आणि शाई-कागद यांचे जुळलेले नाही. फिकट पायऱ्या गुलाबट आणि गडद पायऱ्या हिरवट, अशी उलटापालट दिसली तर ते सर्वांत अवघड दुखणे: एका बाजूची झाक मारायला जावे तर दुसरी बळावते, तिथे ड्रायव्हरचा साधा स्लायडर चालत नाही. आणि कागद जिथे कोरा राहायला हवा त्या शून्याच्या पायरीवरही शाईचा पिवळा शिडकावा असेल, तर प्रिंट करताना चुकून ‘अॅब्सोल्यूट कलरिमेट्रिक’ हा पर्याय निवडला गेला आहे; तो एका कागदाची पांढरी छटा दुसऱ्यावर छापू पाहतो. ‘रिलेटिव्ह’ किंवा ‘परसेप्च्युअल’ घेतले की प्रश्न मिटतो.

पट्टी स्वच्छ करडी आली आणि आजोबांचा फोटोच हिरवट येत राहिला, तर फाइल तपासावी. जुना फोटो मोबाइलच्या अॅपने टिपला असेल, तर वर्षांनुवर्षांचा पिवळेपणा त्यात रंग म्हणून शिरलेला असतो आणि स्क्रीनवर तो सहज जाणवत नाही. आयड्रॉपर एखाद्या करड्या भागावर ठेवून तीन आकडे पाहावेत. ते वेगळे असतील तर आधी फाइल खऱ्या अर्थाने कृष्णधवल करावी. स्कॅनर असेल तर १६ बिटच्या ग्रेस्केलमध्येच स्कॅन करणे उत्तम.

सेटिंगमधला सर्वाधिक आढळणारा घोटाळा म्हणजे रंगव्यवस्थापन दोनदा होणे. फोटोशॉप प्रोफाइल लावून रंग बदलतो आणि ड्रायव्हर त्यावर पुन्हा आपली दुरुस्ती चढवतो. फोटो गडद आणि जांभळट निघतो. एकानेच काम करायचे हा नियम. फोटोशॉपकडे सूत्रे दिली तर एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये ‘कस्टम’मधून आयसीएम निवडून ‘नो कलर अॅडजस्टमेंट’ करावे. प्रिंटरकडे द्यायची असतील तर फोटोशॉपमध्ये ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ ठेवावे. मॅकवर हा धोका कमी, कारण तिथे ड्रायव्हरचे पर्याय सहसा आपोआप बंद होतात. प्रत्येक अपडेटनंतर ही सेटिंगे मूळ पदावर गेली नाहीत ना, ते पाहत राहावे.

कागद आणि शाई हा मुंबईत सर्वांत गुंतागुंतीचा भाग, कारण इथे सगळेच मिळते. फोर्टच्या बोरा बाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर कंपनीच्या शाईच्या निम्म्याहून स्वस्त ‘कंपॅटिबल’ बाटल्या सहज मिळतात, आणि साध्या रंगीत फोटोंसाठी त्या पुष्कळदा चालूनही जातात. करड्यात त्या उघड्या पडतात. प्रिंटरचा ड्रायव्हर मूळ शाईचा रंग गृहीत धरून प्रमाण ठरवतो. बाटलीतली मॅजेंटा जराशी निराळी असली की तोल गेलाच. एका टाकीत निम्मी मूळ आणि निम्मी दुसरी शाई असेल तर निदानच अशक्य होते. कागदाचेही तसेच. स्वस्त ग्लॉसी कागदाच्या पाकिटावर प्रोफाइलचा उल्लेख नसतो आणि ड्रायव्हरमध्ये ‘प्रीमियम ग्लॉसी’ निवडले तरी तो कागद तेवढीच शाई तशीच पितो, याची खात्री नसते. शिवाय झगझगीत पांढऱ्या कागदांत चकाकी वाढवणारी रसायने असतात. अतिनील किरणांत ती निळी उजळतात, म्हणून खिडकीशी कागद निळसर आणि अतिनील अडवणाऱ्या काचेमागे तोच पिवळसर दिसतो. कापसाच्या लगद्याचे कागद मुळातच उबदार असतात. माझा कल स्पष्ट आहे: शाई मूळ कंपनीची, कागद एकच, आणि तो निदान वर्षभर बदलायचा नाही.

नोझल चेक स्वस्त आहे, तो केव्हाही करावा. पण वाचावा नीट. काळ्या आणि गडद सायनच्या रेषांतली तूट लगेच दिसते. फिकट मॅजेंटा आणि पिवळ्या रेषांतली दिसत नाही, आणि झाकेचे मूळ नेमके तिथे लपलेले असते. पांढऱ्या कागदावरच्या पिवळ्या रेषा साध्या उजेडात जेमतेम जाणवतात. खोलीत अंधार करून निळ्या एलईडीचा किंवा मोबाइलच्या निळ्या भरलेल्या स्क्रीनचा प्रकाश टाकला, की त्या काळपट, ठसठशीत उठतात आणि तुटलेली एखादी रेषही मोजता येते. सहा शायांच्या प्रिंटरमध्ये फिकट भागांची मदार फिकट सायन-मॅजेंटावर असते. त्यामुळे फिकट मॅजेंटाची नोझले तुंबली की आकाश आणि चेहऱ्यांचे उजळ भाग हिरवट, फिकट सायनची तुंबली की गुलाबट. क्लीनिंग एक-दोनदा करूनही रेषा भरली नाही तर रात्रभर थांबून पुन्हा पाहावे. लागोपाठ क्लीनिंग करत राहिले की शाई वेस्ट पॅडमध्ये जाते आणि पॅड भरला की प्रिंटर अडून बसतो. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटणाने बंद केला की हेड नक्की झाकणाखाली जाऊन बसते.

पावसाळ्याचा प्रश्न इथे वेगळा आहे. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या पाकिटातला कागद ओलावा धरतो, शाई पसरते आणि वाळायला जास्त वेळ घेते. डाय शाईचा प्रिंट निघाल्या क्षणी जसा दिसतो तसा दुसऱ्या दिवशी दिसत नाही. ओला असताना असलेली झाक वाळताना कमी होऊ शकते, नाहीतर नवी येऊ शकते. म्हणून जुलैमध्ये प्रिंटरमधून नुकत्याच निघालेल्या कागदावर निर्णय घेऊ नये. एक पूर्ण दिवस पंख्याखाली मोकळा ठेवावा, मग पट्टी वाचावी. कागदाचे पाकीट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवले की पावसाळाभर निकाल बराच स्थिर राहतो.

कारण सापडल्यावर दुरुस्ती. रंगीत प्रिंटिंगच्या डार्करूममध्ये रिंगअराउंड नावाची पद्धत असे: एकाच फोटोचे छोटे प्रिंट, प्रत्येकात रंग थोडा-थोडा बदलून, शेजारी शेजारी ठेवायचे आणि योग्य तो निवडायचा. तीच इथे उत्तम चालते. ड्रायव्हरच्या स्लायडरमध्ये मॅजेंटा अगदी थोडे वाढवून एक, पिवळे थोडे कमी करून एक, असे टपाल-तिकिटाएवढे तुकडे एकाच कागदावर छापावेत आणि प्रत्येकामागे पेन्सिलने आकडे लिहावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हे कंटाळवाणे वाटते, पण एका रविवारी निवांत बसून केले की त्या शाई-कागदापुरता आकडा कायमचा हाती येतो. उलटापालटीची झाक असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटरने बनवलेले स्वतःच्या कागदाचे प्रोफाइल हाच पक्का इलाज. ते यंत्र एकट्याने घेण्याजोगे नाही. हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाने मिळून घ्यावे, इतके ते कामाचे आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू अशी, की करडा अगदी तटस्थच हवा का? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात सक्रिय होते. त्या काळातले अल्ब्युमेन प्रिंट सोन्याच्या क्षाराने टोन केले जात आणि तपकिरी-जांभळट दिसत. पुढच्या चांदीच्या कागदांतही क्लोरोब्रोमाइड उबदार, ब्रोमाइड थंड, कारण चांदीचा कण जितका बारीक तितकी छटा उबदार. सेलेनियमने गडद भाग घट्ट होत, सल्फाइडने सेपिया येई. शतकभर जाणकारांनी ही छटा हवी तशी निवडली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत इलफर्डच्या एक्सपी फिल्मसारख्या रंगीत प्रक्रियेत धुतल्या जाणाऱ्या कृष्णधवल फिल्म आल्या आणि मिनिलॅबमधून रंगीत कागदावरचे हिरवट-तांबूस प्रिंट हाती पडू लागले, तेव्हा मात्र छटा कुणी निवडलेली नव्हती. फरक इथेच आहे. किंचित उबदार छटा मुद्दाम, सगळ्या पायऱ्यांवर सारखी दिली तर ती जुन्या कौटुंबिक फोटोंना शोभते, आणि तिची दुसरी सोय अशी की दिवा बदलल्याने होणारे छोटे चढउतार तीत झाकले जातात. ज्याच्याकडे करडी शाई नाही त्याने तटस्थ करड्याच्या मागे लागण्यापेक्षा हलकी उबदार छटा घ्यावी, असा सल्ला मी देतो. मात्र छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल छायाचित्रे टिपली तशा फोटोंसाठी हा सल्ला नाही. तिथे घाम, चिखल आणि चेहरा यांच्यातला फरक करड्याच्या तोलावरच उभा असतो.

शेवटचा भाग काळाचा. छापताना नसलेली झाक काही महिन्यांनी उगवू शकते. २००० मध्ये एप्सनच्या ८७० आणि १२७० प्रिंटरांवर ठरावीक ग्लॉसी कागदावर काढलेले फोटो काही ठिकाणी थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले. हवेतला ओझोन कागदाच्या सच्छिद्र थरात शिरून सायन डाय खात होता. वाहने आणि कारखान्यांतून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि बाष्पशील रसायने यांच्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. माहूल-ट्रॉम्बे पट्ट्यातली हवा पाहता डाय शाईचा प्रिंट इथे उघडा भिंतीवर लावू नये. काचेमागे, कागद काचेला चिकटणार नाही असा माउंट घालून आणि मागची बाजू टेपने बंद करून लावावा. अल्बमसाठी पीव्हीसीचे कव्हर टाळून पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएस्टरचे घ्यावे. पिगमेंट शाईचे प्रिंट ओझोनपुढे बरेच जास्त टिकतात. भिंतीवर लावायच्या प्रिंटसोबत त्याच दिवशी, त्याच कागदावर करड्या पट्टीचा एक प्रिंट काढून तारखेसह अंधाऱ्या पाकिटात ठेवावा. पुढे कधी फ्रेममधला फोटो तांबूस वाटला, तर पट्टी काढून शेजारी धरावी: पट्टीही तांबडी झाली असेल तर दोष शाईचा, आणि ती करडीच राहिली असेल तर हवेचा किंवा उजेडाचा.